माघारी घेतलेला नारळ

शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात. कुणीतरी त्यांना ऐनाची साल उकळून त्या पाण्यानं शेक घ्यायला सांगितलं, म्हणून आज सकाळपासून त्यांच्या परसात चुलीवर मोठं पातेलं चढलंय. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, पण वाऱ्याबरोबर तो वास माझ्या खिडकीतून आत आला आणि मी निवडायला घेतलेली भाजी तशीच टाकून उभी राहिले. तुरट, ओलसर, थोडा कुजकट आणि तरीही परत परत घ्यावासा वाटणारा असा तो वास. ज्यांचं लहानपण मालवणच्या किनाऱ्यावर, सुती जाळ्यांच्या दिवसांत गेलं त्यांनाच तो ओळखता येईल. आता नायलॉनची निळी-हिरवी जाळी आली. ती कुजत नाहीत, त्यांना काढा पाजावा लागत नाही, आणि वासही नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही हो, जुनं ते सोनं म्हणत उसासे टाकणाऱ्यांतली मी नव्हे. त्या सोन्यानं आमच्या बायकांच्या पाठी मोडल्या होत्या. पण नाकाला कोण सांगणार? ते आपलं घेऊन गेलं मला पन्नास-साठ वर्षं मागे, आमच्या वाडीत.

पावसाळा ओसरायला लागला की नारळी पुनवेच्या आधी किनाऱ्यावरच्या माडांखाली धोंड्यांवर काईल चढायची. तिच्यात ऐनाची साल दिवसभर रटरटत राहायची आणि त्या लालभडक काढ्यात रापणीची जाळी बुडवून काढायची, म्हणजे खाऱ्या पाण्यात सूत टिकतं. रापण ठाऊक आहे ना? नसेल तर सांगते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे काथ्याचे दोर किनाऱ्यावरून गड्यांनी ओढत आणायचे. हे जाळं कुणा एकाचं नसतं. प्रत्येक घर आपापला तुकडा विणून आणतं, ते तुकडे एकमेकांना शिवले की रापण होते, आणि मासळीची वाटणीही त्याच हिशेबानं. दोर ओढायचा पुरुषांनी, आणि मासळीच्या टोपल्या वाहून बाजारात बसायचं बायकांनी. सगळ्यांवर हुकूम तांडेलाचा. आमच्या रापणीचे तांडेल माझे बाबा होते. काईलीभोवती गड्यांची झुंबड असायची, आरडाओरडा, शिव्या, हसणं, आणि त्या गर्दीत बाबांच्या कुशीला लागून, कोपरापर्यंत लाल झालेले हात घेऊन माझा भाऊ उभा असायचा.

भाऊ म्हटलं, आणि पुढेही भाऊच म्हणणार आहे. तो जन्मला तेव्हा सुईणीनं पडवीत येऊन 'चेडू झाला' असंच सांगितलं होतं. माझ्या पाठीवर दुसरीही मुलगीच, म्हणून आजूबाजूच्यांनी 'जाऊ दे, लक्ष्मी आली' असा कोरडा दिलासाही देऊन घेतला. शाळेच्या दाखल्यावर आणि गावाच्या तोंडी तो मुलगीच होता. ज्या कुणाला माझं 'भाऊ' खटकेल त्यानं मनात हवं ते म्हणावं. माझ्या तोंडात आता दुसरं काही बसत नाही.

लहानपणी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याकडे लहान पोर म्हणजे पोर, त्यात काय बघायचं? तो परकर खोचून माडावर चढायचा, खाडीत सूर मारायचा, मुलांच्या टोळीत विटीदांडू खेळून ढोपरं फोडून यायचा, आणि वाडी हसून म्हणायची, 'तांडेलाचा चेडू न्हय, वादाळ आसा.' हसणं संपलं ते तो चौदाव्या वर्षात गेला तेव्हा. न्हाण आलं म्हणून आयेनं ट्रंकेतून स्वतःचं जपून ठेवलेलं लुगडं काढलं, शेजारणींना ओटी भरायला बोलावलं, पाट मांडला. भाऊ त्या पाटावर बसलाच नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि आयेला म्हणाला, "आये, ह्या माझा न्हय. माका नेसव नको." बायका हसल्या, त्यांना वाटलं पोर लाजतंय. मला मात्र त्याचा चेहरा समोर दिसत होता, आणि लाजेचा चेहरा तसा नसतो. दुसऱ्या दिवशी त्यानं जाळ्याची सुतं कापायच्या कात्रीनं आपली वेणी कापून टाकली.

वेणी कापणं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून समजायचं नाही. आमच्याकडे केस कापायचे ते विधवेचे, हे सगळ्यांना माहीत होतं. आयेनं ती वेणी पदरात घेतली आणि मयताला बसावं तशी ओट्यावर बसून राहिली. मग सुरू झाले गावाचे सल्ले. कुणी म्हणे बाधा झाली, पिंपळाखालून गेलं असणार. मामा कणकवलीहून धावत आला आणि त्यानं दोन शब्दांत निकाल लावला, लगीन लावन टाका, घोव नि पोरां झाली की सगळा आपसूक जाता. एक बिजवर त्यानं हेरूनही ठेवला होता. 'नायतर थोरल्या चेडवाक कोण करतलो?' असंही तो म्हणाला. थोरलं चेडू म्हणजे मी, माझ्याशी मग कोण लग्न करणार असं त्याचं म्हणणं. माझ्या नावावर पोराला सुळी द्यायची त्याची तयारी पाहून मला इतका संताप आला की त्याच्या ताटात मी मुद्दाम करपलेली भाकरी वाढली.

भाऊ या सगळ्यात एक अक्षर बोलत नव्हता. जेवत नव्हता, शाळेत जात नव्हता. एका दुपारी भरतीच्या वेळेला आयेनं त्याला खडपाच्या टोकावरून ओढून आणलं. छातीपर्यंत भिजलेला होता. घसरलो म्हणाला. आयेनं त्याचं अंग पुसलं, कोरडे कपडे दिले आणि बाबांना सांगितलं, "उद्या मालवणाक जावया. डॉक्टराकडे. मामाक काय सांगूचा नाय."

मालवणच्या बाजारात एक वयस्क डॉक्टर होते, मुंबईत शिकून परत आलेले. आम्ही चौघंही होडीनं खाडी ओलांडून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आयेचं सगळं ऐकून घेतलं, मग आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून पडदा ओढला आणि भावाशी बोलत बसले. इतका वेळ की बाहेरचे खोकणारे-कण्हणारे कुरकुरायला लागले. शेवटी त्यांनी आईबाबांना आत बोलावलं. पडद्याला कान असतात, मी तर त्याला चिकटूनच बसले होते.

"तुमचं मूल आजारी नाही," डॉक्टर म्हणाले. "फार घाबरलेलं आहे. ते म्हणतं मी मुलगा आहे, आणि ते काही आज सुचलेलं नाही, कळायला लागल्यापासून त्याला तसंच वाटतं आहे. मी शिकत होतो तेव्हा इस्पितळात असं एक मूल पाहिलं होतं. घरच्यांनी मारलं, कोंडलं, शेवटी लग्न लावून दिलं. त्यानं सगळं ऐकलं. पण जगलं नाही."

मग आये म्हणाली, "मगे आमी काय करूचा, डॉक्टरानू?"

"मलाही सगळं ठाऊक नाही, बाई. पुस्तकात जे लिहिलंय ते मला पटत नाही, आणि जे पटतं ते कुठे लिहिलेलं नाही. एवढं सांगतो, त्याचं म्हणणं खोटं पाडायला जाऊ नका. दर बाजारच्या दिवशी त्याला माझ्याकडे पाठवा, आम्ही बोलत जाऊ." मग त्यांनी बाबांना विचारलं, "तांडेल, तुम्हाला भीती कसली वाटते?"

"गावाची," बाबा म्हणाले.

"आणि त्याच्यासाठी?"

परतीच्या होडीत बाबा पाण्याकडे बघत बसले होते. किनाऱ्याला लागल्यावर सगळ्यात आधी उतरले, दोर धरला, आणि भावाकडे न बघता म्हणाले, "फाल्या सकाळी रापणीक ये. माझ्या फाटल्यान उभो रव." फाटल्यान म्हणजे पाठीमागे. तांडेलाच्या पाठीमागचं माणूस तांडेलाच्या जबाबदारीवर असतं, हे रापणीत नव्यानं आलेल्यालाही कळतं.

बाबांची जुनी अर्धी चड्डी नाडीनं आवळून भाऊ दोराला लागला. काथ्यानं तळहात सोलून निघाले, तर संध्याकाळी मला ते सोललेले हात मिरवून दाखवले! मी त्याला म्हटलं, मेल्या, मलम लाव. तेव्हा तो हसला. किती महिन्यांनी हसला असेल कोण जाणे. आठवड्याच्या बाजाराला आयेबरोबर मालवणात जायचा, ती मासे विकत बसली की हा डॉक्टरांकडे. काय बोलतात ते कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाला की डॉक्टरांनी विचारलं, तुला कुठल्या नावानं हाक मारू? नाव शोधायला त्यानं पुढच्या बाजारापर्यंतची मुदत मागून घेतली होती.

आयेचं मन मात्र इतक्या लवकर वळलं नाही. आईबाप म्हणजे देवमाणसं आणि सगळं एका झटक्यात समजतं, असलं काही मी सांगणार नाही. ती त्याला पोटभर वाढायची, त्याच्या बाजूनं वाडीशी भांडायची, आणि चुलीपुढे एकटी असली की ते लुगडं मांडीवर घेऊन रडायची. "माझा चेडू खंय गेला गो?" मला विचारायची. मी काय सांगणार? तो समोर अंगणात लाकडं फोडत होता. तरी तिचं काहीतरी हरवलं होतं हे खरं, आणि ते रडून घेतल्याशिवाय तिला पुढे जाता येत नव्हतं. डॉक्टरांनी म्हणे तिला एकदा हेही सांगितलं होतं, रडा, पण त्याच्या देखत नको.

सगळं असंच हळूहळू सुरळीत झालं असतं. पण त्या वर्षी समुद्र रुसला. रापण ओढून ओढून खांदे निखळायला आले, आणि जाळ्यात काय, तर शेवाळ आणि चार खेकडे. शेजारच्या वाडीची रापणही रिकामीच येत होती, पण तिकडे कोण बघतो! कुजबुज सुरू झाली, दोराला बाईमाणूस लावलं, वर केस कापलेलं, समुद्र बाटला. आयेच्या टोपलीपुढून नेहमीची गिऱ्हाइकं पाठ फिरवून जाऊ लागली. आणि एका सकाळी गावचे एक मानकरी, ज्यांचा देवळात पहिला मान, रापणीच्या गड्यांना घेऊन आमच्या अंगणात उभे राहिले.

"तांडेला, आमी तुझ्याशी भांडाक येवंक नाय," ते म्हणाले. "देवाक इचार. कौल लाव. उजवो पडलो तर तुझा पोर जसा आसा तसा रवांदे, कोण एक शब्द बोलूचो नाय. डावो पडलो तर म्हयन्याभरात लगीन लावन धाडून दी. नायतर घर वाळीत."

आणि बाबा म्हणाले, "बरां."

त्यांना दोष देऊ नका. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. ग्रामदेवतेच्या पाषाणावर उजव्या-डाव्या बाजूला फुलांचे ओले कळे चिकटवायचे, गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा घाडी गाऱ्हाणं घालणार, ज्याचा प्रश्न त्यानं नारळ ठेवून तो आपल्या तोंडानं देवासमोर मांडायचा, आणि मग कुठला कळा आधी सुटतो ते बघायचं. उजवा सुटला तर देवाची संमती, डावा सुटला तर नाही. बाबांनी विहीर कौलावर खणली होती, होडी कौलावर बांधली होती, आयेशी लग्नसुद्धा कौल उजवा आला म्हणून केलं होतं. देव आपल्याला कधी फसवणार नाही यावर त्यांचा इतका भरवसा की त्यांना ती सुटकाच वाटली. एकदा देव बोलला की गाव गप्प! ते आत येऊन आयेला म्हणाले, "देव आपलो आसा. भियाव नको."

ते ऐकल्यापासून भावानं पुन्हा ताट लोटलं. मधल्या बाजारी आये त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली, तीही रडवेली. डॉक्टर म्हणाले, "देवाच्या कामात मी काय बोलणार? पण एक सांगा, जे काय ठरवायचं ते तुम्ही देवाला विचारताय, गावाला विचारताय. मुलाला विचारलंत?" कुणी विचारलं नव्हतं. आयेनं परतीच्या वाटेवर, होडीची वाट बघत बसलेल्या भावाला विचारलं, "डावो पडलो तर तू काय करतलंस?" त्यानं फक्त खाडीच्या तोंडाकडे, जिथे समुद्र सुरू होतो तिकडे बघितलं, आणि परत नजर खाली घातली. आयेनं हे मला सांगितलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

कौलाच्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, शेंडीचा नारळ हातात घेऊन निघाले. आये दारातच उभी होती. ती बाबांना कधी आडवी गेलेली मी पाहिली नव्हती.

"डावो पडलो तर ह्येका धाडतलात?"

"देव डावो देवचो नाय."

"दिलो तर?"

बाबा नारळाची शेंडी नीट करत राहिले.

"माका सांगा. देवाचा ऐकतलात काय?" आयेचा आवाज चढला. "ऐकतला असात तर आत्ताच सांगा, मी पोराक घेवन भायर पडतंय. आणि ऐकूचा नसात तर मगे देवाक इचारतास कित्याक?"

बाबांनी तिला बाजूला करून उंबरा ओलांडला आणि देवळाची वाट धरली. ते काय करणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, गेलं सगळं. माझ्या मनात त्या क्षणी बाबांविषयी जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळी वाडी देवळात जमली होती. पुरुष पुढे, बायका मागे. भावाला घेऊन मी आणि आये खांबाआड उभ्या राहिलो. त्याचा हात माझ्या हातात होता, थंडगार आणि खरखरीत. गुरवानं पाषाणाला पाणी घातलं, कळे लावले. बाबांनी नारळ पुढ्यात ठेवला आणि हात जोडले. घाडीनं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाशी इला आसा. तेच्या घरात जो घोळ झालो आसा..."

"व्हय म्हाराजा!" गावानं गजर केला.

"तो घोळ तू सोडव. खऱ्याचा खरा नि खोट्याचा खोटा कर..."

"व्हय म्हाराजा!"

"उजवो कौल दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग शांत झालं. आता प्रश्न बाबांनी मांडायचा होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्द येईना. कळ्यांवरून पाणी ओघळत होतं. कुणीतरी खोकलं. मानकरी हळू आवाजात म्हणाले, "बोल, तांडेला." बाबांनी मागे वळून बघितलं. आम्ही त्यांना दिसलो की नाही कोण जाणे, खांबाआड अंधारच होता. ते परत वळले, खाली वाकले, आणि देवापुढे ठेवलेला नारळ त्यांनी उचलून घेतला.

देवासमोर ठेवलेला नारळ माघारी घेतलेला त्या देवळात आजवर कुणी पाहिला नव्हता. बायकांच्या तोंडून 'अगो बाये' निघालं. घाडी दोन पावलं मागे सरला. मानकरी ओरडले, "नारळ खाली ठेव! खुळो झालंस काय?"

"देवा, माझा चुकला," बाबा म्हणाले. ते मानकऱ्यांशी बोलतच नव्हते. शब्द न् शब्द मागेपर्यंत ऐकू येत होता. "डावो पडलो तर मी तुझा ऐकूचंय नाय. जां ऐकूचाच नाय तां इचारान तुका फसवू कशाक? झील माझो आसा. तेचा काय करूचा तां मी बघतंय. माका कौल नको."

झील म्हणाले. साऱ्या गावासमोर, देवाच्या तोंडावर, झील म्हणाले, मुलगा म्हणाले. त्या खरखरीत हातानं माझी बोटं आवळली, आणि मी बघते तो आये पदर तोंडात कोंबून, आवाज न करता रडत होती. बाबा नारळ छातीशी धरून गर्दीतून चालत आले. लोक बाजूला झाले, मानानं नव्हे, विटाळ होईल म्हणून. गुरवानं दोन्ही कळे घाईघाईनं हातानं पुसून काढले. कुठला आधी सुटला असता ते कुणालाच कळलं नाही, आणि आमच्या घरात कुणाला ते जाणून घ्यायचंही नव्हतं.

दुसऱ्याच सकाळी रापणीतून आमचे तुकडे उसवून अंगणात आणून टाकले. एवढं मोठं जाळं, त्याचे मधले तुकडे काढून घेतले की काय होतं? उरलेली टोकं ओढून एकमेकांना जोडतात, आणि रापण थोडी आखूड होते, एवढंच. बाबांनी ते ढिगारे बघितले, बसले, आणि भावाला म्हणाले, "सुतळी हाड." भावानं सुतळी आणली आणि दोघांनी मिळून त्यातून एक लहान जाळं केलं. तांडेलकी गेली. लग्नाकार्याची बोलावणी बंद झाली, अंगणातून जाणारी वाट लोकांनी वळवून घेतली. आणि अशा वाळीत टाकलेल्या घरी, भर दुपारी, वाडीच्या डोळ्यांदेखत, मालवणचे डॉक्टर छत्री घेऊन चालत आले. पडवीत बसून चहा प्यायले, भावाशी गप्पा मारल्या, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. औषधाची पेटीसुद्धा आणली नव्हती. त्यांनी काय केलं असं विचाराल तर मी म्हणेन, ते तो चहा प्यायले. त्यानंतर भावानं ताट कधी लोटलं नाही.

वाळीत टाकणंही पुढे जुनं होतं, विरत जातं. मासळी परत आली, लोकांची पोटं भरली, राग मंदावला. बाबा आणि भाऊ लहान होडीनं जायचे, आणि आयेच्या टोपलीत ताजे सौंदाळे दिसले की गिऱ्हाईक वाळीतबिळीत सगळं विसरायचं. माझं लग्नही झालं, चांगलं घर मिळालं, म्हणजे मामाचं तेही भाकीत खोटं ठरलं. साठाचं दशक अर्धं सरलं असेल. मी माहेरपणाला आले होते. तेव्हा मसुऱ्याहून एक बाई चालत चालत आमचं घर विचारत आली. तिच्याबरोबर पंधरा-सोळा वर्षांचं एक पोर होतं, मान खाली, अंगठ्यानं माती उकरत. कुणाकडून तरी तिनं आमचं ऐकलं होतं. पोराला भावानं होडीकडे नेलं, आणि ती बाई आयेपुढे ओक्साबोक्शी रडली. रडून झाल्यावर डोळे पुसत तिनं विचारलं, "मगे तुमचो बरो कसो झालो?"

"तो आजारी खंय होतो?" आये म्हणाली. "तू पयली च्या घी. नि मगे घराक जावन तुझ्या पोराक जेवक घाल. बाकीच्याक लय वेळ लागता. माका लागलो." मग म्हणाली, "नि रडाचा असला तर हय येवन रड. तेच्यासमोर नको." ते वाक्य कुणाचं ते मला ठाऊक होतं, पण ते आता आयेचं झालं होतं.

बाबांबद्दल सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर ते देवळात पाऊल ठेवायला गेले नाहीत. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. नंतर नंतर तर मानकऱ्यांच्या मुलानंच येऊन बोलावलं, झालं गेलं विसरा म्हणाला. पण बाबा जत्रेला जायचे, बाहेरच्या पायरीशी उभे राहायचे, हात जोडायचे आणि वळायचे. जो माणूस देवाला विचारल्याशिवाय विहीर खणत नव्हता, त्यानं पुढे उभ्या जन्मात देवाला काही विचारलं नाही. हे त्यांना किती जड गेलं ते आम्हाला दिसत होतं. पालखी वाडीत यायची तेव्हा ते अंगणाच्या कडेला उभे असत आणि त्यांचा चेहरा बघवत नसे. भावाला ते सगळ्यात जास्त लागायचं. आपल्यापायी बाबांचा देव सुटला असं त्याच्या मनानं घेतलं होतं, बोलून दाखवायचा नाही इतकंच.

शेवटच्या आजारात बाबा पडवीत झोपून असायचे. जत्रेचे ढोल ऐकू येत होते. भाऊ उशाशी बसला होता. मी म्हटलं, "बाबानू, एकदा आत जावन येवया? आमी दोघां धरून नेतंव."

"नको गो," ते म्हणाले. "माका भायरसून दिसता." मग त्यांनी भावाच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवाक सगळो गाव होतो. ह्येका कोण होतो?"

बाबा गेले, आये गेली, डॉक्टर तर कधीच गेले. देऊळ पाडून नवं बांधलं, गुळगुळीत फरशी घातली, आणि बाबा जिथे उभे राहायचे ती पायरी त्यात कुठे गेली ते आता दाखवता येत नाही. भाऊ आहे. सत्तरी उलटून गेली, कानानं कमी ऐकतो, चहात साखर जास्त घालतो, आणि टोकलं की भांडतो.